शिफारसपत्र

इंगेल, तुझं पत्र पुन्हा लिहायला बसलोय.
गेल्या शरदातलंच उघडलं, तारीख बदलली,
विद्यापीठाचं नाव बदललं, दोन ठिकाणी.
तिसरी जागा मागच्या खेपेला नजरेतून सुटली होती,
बर्गनला गेलेल्या पत्रात उमेओ तसंच राहिलं.
तुला हे सांगितलेलं नाही.

बाहेर एमायोगीवर पातळ बर्फ धरतंय,
टार्टूत साडेतीनलाच दिवे.
फॉर्म विचारतो: उमेदवाराला किती वर्षं ओळखता?
अकरा.
पहिल्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, की दहा?
मी एक म्हणतो. सगळेच म्हणतात.
एवढी एक टक्क्यातली माणसं एकदम आली
तर नदीवरचा पूल वाकेल.

चौकोनात मावत नाही ते असं:
एंडलाच्या दलदलीत तू कमरेपर्यंत रुतलीस
आणि वर धरलेल्या दोन हातांत
पीटचा तो लांबलचक गाभा, जराही न वाकू देता.
"आधी हा घ्या," म्हणालीस.
मी आधी तो घेतला.
तुला नंतर कौरनं ओढून काढलं, एक बूट आतच राहिला.
हजार वर्षांनी सापडेल कुणाला तरी,
तो त्यावर प्रबंध लिहील,
आणि मग तोही हिंडेल शिफारशी मागत.

पीट साठतं वर्षाला एक मिलिमीटर, फार तर.
उमेओची तुझी दोन वर्षं म्हणजे दोन मिलिमीटर.
अॅबर्डीनचे चौदा महिने
नखाच्या कडेएवढे.
तेवढ्यात तीन भाड्याची घरं, लीसूच्या दोन बालवाड्या.
ती दूध स्वीडिशमध्ये मागते
आणि रुसते इंग्रजीत.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, खरं,
पण विंचवाला कुणी कायमचा पत्ता विचारत नाही.
तुझ्या अर्जात त्या रकान्यात
दर वेळी आमच्या विभागाचा पत्ता असतो.

आता होबार्ट. तिथेही दलदल आहे म्हणतेस.
कौर परवा बाजारात भेटला, हातात व्हायोलिनचा मोडका मणका.
लाकडाला हवा बदललेली मानवत नाही, म्हणाला.
लाकडाबद्दलच बोलत असावा.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच रकान्यात विचारलेली नाही.
ऑगस्टमध्ये मी निवृत्त होतो.
ही खुर्ची मला एकतिसाव्या वर्षी मिळाली.
वीस मिनिटांची मुलाखत,
त्यातली दहा रानातल्या अळंब्यांवर.
एकच शिफारस, हातानं लिहिलेली.
गेल्या मंगळवारी बैठकीत ठरलं,
माझ्यामागे हे पद भरायचं नाही.
मी बाजूनं हात वर केला नाही.
विरोधातही नाही.
समोर बिस्किटं होती, एक उचललं.

हे सगळं मी खरंच लिहिलं, त्या चौकोनात,
अक्षरमर्यादा सांभाळून,
बुटासकट, बिस्किटासकट.
पाठवा दाबलं.
बराच वेळ हालचाल नसल्यामुळे
आपलं सत्र संपलं आहे.

पुन्हा आत शिरलो. जुनं पत्र चिकटवलं.
डॉक्टर इंगेल सारापू यांची मी निःसंकोच शिफारस करतो.
निःसंकोच.
ते गेलं. पोच आली, आभारही, आपोआप येणारे.

मग चहा ओतला, आणि पत्र
पहिल्यापासून वाचून पाहिलं.
तिसऱ्या ठिकाणी
अजून उमेओच होतं.