विषय क्रमांक सात

सभेला एकोणतीस हजर, त्यांत बायका सहा.
पंखा फिरतो तो सरपंचांच्या डोक्यावर.
मी, कांदळटेंब ग्रामपंचायतीची लिपिक,
समास सोडून वहीत लिहिते:
विषय क्रमांक सात. खाडीतील खुबे कमी झाल्याबाबत.

(शहरात त्यांना तिसऱ्या म्हणतात.
सहावा विषय स्मशानशेडचे पत्रे. त्यात तास गेला.)

शेवंती कोयंडे उठली
आणि पिशवी टेबलावर उपडी केली.
शिंपलेच शिंपले, तोंड वासलेले, आत काळा चिखल.
जिवंत चारच, सुपारीएवढे.
"ह्ये बगा. चार तास वाकलंय, तेचे ह्ये."

जयराम खवणेकर म्हणाले, बंधाऱ्याची झापं उघडत नाहीत म्हणून.
गुरव म्हणाले, गेल्या साली खाडीची राखण राहिली म्हणून.
कोणी म्हणालं, ड्रेजर.
मागून एकाने 'हवामान बदल' हे शब्द उच्चारले,
लांबच्या नातेवाइकाचं नाव घ्यावं तसे,
ज्याच्या बाराव्याला
जायलाच हवं असं काही नसतं.

पराडकरांच्या चार खोल्या आहेत, सुरूच्या बनात, एसीसकट.
"ता लिहू नको गो," ते मला म्हणाले,
"पाव्हणे येनत नाय मगे."
त्यांच्याच सुरूवर समुद्रगरुडाचं घरटं होतं,
बैलगाडीभर काटक्यांचं, माझ्या जन्माआधीपासूनचं.
मे महिन्यातल्या वादळात झाड आडवं झालं.
जोडी दोन दिवस मोबाइलच्या टॉवरवर बसून होती,
खाली बघत.
हे कोणी काढलं नाही. विषयपत्रिकेवर नव्हतं.
जाळी कुरतडणारे केंडही नव्हते,
आणि खाडी सोडून भातखाचरात शिरलेले ऊद,
ज्यांना आता सगळे चोर म्हणतात.

मत्स्य खात्याची मुलगी नवीन, पेन उघडून तयार.
"पाणी गरम झालंय म्हणता. किती डिग्री?"
"ता माका ठावक नाय," शेवंती म्हणाली.
"पायाक ठावक.
आवशीचे पाय पौषात निळे पडत.
माजे पडनत नाय."
हशा झाला.
हशा वृत्तान्तात लिहीत नाहीत.

माझ्या आईचेही पडत.
ओहोटीला मांडीभर पाण्यात ती टाच फिरवायची,
कडक लागलं की अंगठ्याच्या चिमटीत धरून वर,
आणि वर बघत दुसरीशी गप्पा चालूच.
घरी आली की मी तिचे पाय चुलीपाशी ओढायची.
माझी टायपिंगची फी त्या पायांनी उचललेली आहे,
एकेक करून.

"सदर बाबत वरिष्ठांकडे पत्रव्यवहार करावा,
असे सर्वानुमते ठरले."
शेवंतीने हात वर केला नव्हता.
सर्वानुमते हा शब्द मी तरीही लिहिला,
तो छापील असल्यासारखा आपोआप येतो.

सूचक आणि अनुमोदक यांच्या मधल्या वेळात
टेबलावरचा एक खुबा किंचित उघडला.
जीभ बाहेर आली, पांढरी, पातळ,
वहीच्या कोपऱ्याला लागली,
कागद चाखला
आणि मिटला.
मी सोडून कोणी पाहिलं नाही.
कोपरा अजून फुगलेला आहे.

समासात मी बारीक अक्षरात लिहिलं:
पौष. शेवंतीचे पाय निळे पडत नाहीत.
सरपंचांनी न वाचता सही ठोकली.
विषय क्रमांक आठ, पथदिवे.

संध्याकाळी ते चार जिवंत मी रुमालात बांधून नेले.
भरती लागली होती.
कांदळाच्या मुळांशी त्यांना सोडलं,
चपला काढल्या, उतरले.
उभी राहिले बराच वेळ, पोटऱ्यांपर्यंत,
थंड की कोमट
ते पायांना विचारत.

पाय काही बोलले नाहीत.
अकरा वर्षं टेबलाखाली आहेत ते.
विसरले असतील.