वापस

बदली होऊन बोरटोल्याला आलो
त्याच दिवशी चौथीचा वर्ग म्हणाला,
'गुर्जी, वापस सांगा न जी.'

मी म्हटलं, वापस नाही, पुन्हा.
वापस म्हणजे घेतलेलं देणं.
दुकानदार सुटे पैसे वापस देतो.
पाढा वापस म्हणत नाहीत.

पोरं गप्प. मग मागच्या ओळीतून
शेवंता निकुरे म्हणाली,
'हो जी. आता वापस सांगा.'

फळ्यावर लिहीत गेलो: पुन्हा, फिरून, परत.
'परत'पाशी खडू अडला.
आमच्या सातारकडंही आई म्हणायची,
करपली भाकरी, परत कर,
आणि शेजारीण कुंपणावरून,
माझी चाळण परत कर.
क्रियापद एकच. एक म्हणतं घडव,
दुसरं म्हणतं, जे नेलंस ते आण.
घंटा झाली, असं मी वर्गाला सांगितलं.
झाली नव्हती.

पौषात धानाच्या बांध्या मोकळ्या पडल्या,
शंकरपट भरला, आणि पटाच्या रात्री नाटक.
मला अक्षर लागतं म्हणून विंगेत उभं केलं,
हातात वही, दातांत टॉर्च.
शेवंताचा बाप पुरणदास सुभेदार झाला होता.
दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्याला मरायचं होतं.

मेला, आणि काय मेला!
तणसावर चादरी टाकून बसलेलं गाव उभं राहिलं.
तरणे ओरडले, वन्स मोअर!
म्हाताऱ्या ओरडल्या,
'वापस मर, पुरण, वापस!'

तो उठला.
मिशी चाचपली. छातीवरचा लाल रंग
तसाच राहू दिला.
माझ्याकडं पाहिलं.
मी तीन पानं मागं गेलो
आणि त्याला त्याचं वाक्य दिलं.
या खेपेला तो जरा सावकाश मेला.
पेटीवाल्यानंही सूर ओढून धरला.

तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा
पडल्या पडल्याच हात जोडले त्यानं:
'परवा मिरची तोडाले जाचं हाय, बाप्पा.
थोडा दम राहू द्या.'
मांडव हसला. शेवंता सगळ्यात मोठ्यानं.

तेलंगणाच्या रस्त्यावर टेंपो उलटला.
कुठं, ते तीन माणसांनी तीन तऱ्हेनं सांगितलं.
मी हजेरीत एका नावापुढं
तेरा दिवस फुली मारली.

ती आली तेव्हा व्याकरणाचा तास होता.
वाक्यात उपयोग करा: परत करणे.
कुणी लिहिलं, मी पुस्तक परत केले.
कुणी लिहिलं, मी गणित परत केले.
शेवंतानं लिहिलं,
'आईनं बाबाची मिशी कंपनीले वापस केली.'
लाल पेन उघडून बसलो होतो.
'कंपनीले'चं 'कंपनीला' करावं,
'वापस'खाली रेघ मारावी,
एवढंच काम होतं.
पेन वाळलं.

यंदा पुन्हा पट, पुन्हा तेच नाटक.
नवं बसवायला वेळ नव्हता म्हणाले.
सुभेदार झाला पुरणदासचा धाकटा, सूर्यभान.
मिशी तीच, गोंद नवा.
बरा करतो तो, घाई करतो थोडी.
दुसऱ्या अंकाच्या शेवटी मेला
आणि गाव बसूनच राहिलं.
टाळी नाही, शिटी नाही.
कुणीतरी पोराला थोपटत होतं,
तेवढाच आवाज.

मग पुढून, अगदी पुढच्या चादरीवरून,
'वापस.'

मोठ्यानं नाही. वर्गात म्हणते तसं.

मी वही चाळायला लागलो.
तीन पानं मागं,
मग आणखी,
मग पहिल्या अंकाच्याही अलीकडं,
जिथं फक्त पात्रांची नावं आहेत
आणि एका नावावर काट मारून
दुसरं लिहिलेलं, माझ्याच अक्षरात.
टॉर्चचा उजेड पिवळा पडत चालला होता.

सूर्यभान पडल्या जागी
एक डोळा किलकिला करून
माझ्याकडं पाहत होता:
उठू का?