घट

मे महिना, रात्रीचे साडेदहा, पारा अजून पस्तिशीच्या वर.
नीलम नगरात आमच्या भिंतीला भिंत लावून
सहा माग. त्यातले चार सुरू.
पेल्यातलं पाणी थरथरतंय टेबलावर
आणि पडद्यावर मी एकच सेकंद
हजार ठिकाणी थांबवून बघतेय.

टोकामॅकच्या पोटातला सेकंद.
मेदूवड्याच्या आकाराची पोकळी,
हवा उपसून काढलेली, चुंबकांनी आवळलेली,
आत दहा कोटी अंशांचा प्लाझ्मा
कशालाही न टेकता फिरणारा.
(हा आकडा सांगितला तेव्हा नान्ना म्हणाले,
"मग सोलापुरापेक्षा जरा जास्तच हाय की.")
तळाच्या कोपऱ्यातून एक ठिणगी उठते.
मग दुसरी. मग एकदम बावीस.
फाईलला मी नाव देते: धूळ.

"झाडत न्हाईत व्हय गं आत?"
झाडतात, नान्ना, यंत्र बंद असताना.
पण ही बाहेरून येत नाही.
भिंतीच्याच टंगस्टनचा पोपडा हा,
धगीनं सुटलेला.
सुटला की त्याला विद्युतभार चढतो,
तो उडतो, वळतो, भिंतीवर आपटून परत फिरतो,
आणि आत खोलवर शिरलाच
तर त्याची वाफ होते, आणि ती वाफ
सगळी ऊब प्रकाशात उधळून टाकते.
आग विझते. अख्खं यंत्र गचका खातं.
कण केवढा? डोळ्याला दिसणार नाही एवढा.

ते हसले नाहीत.
"तार तुटती तसं," म्हणाले.
तूस बसतं फणीत, दोन तारा चिकटतात,
धोटा अडतो,
टॉवेलात बोटभर भोक.

खरी अडचण मात्र पुढं आहे.
त्या धुळीत इंधन मुरतं.
ट्रिटियम, ग्रॅमग्रॅमनं मोजून आत सोडायचं.
जळालं किती, परत आलं किती,
राहिलेलं कुठं?
फरशांच्या फटीत, नळ्यांच्या मागं, कुणाला ठाऊक.
ठरलेल्या वजनाच्या वर साठलं
की थांबवा, उघडा, झाडा.
माझ्या तक्त्यात एक रकाना आहे. जुळत नाही.

जुळत नाही, हे या घरानं आधी ऐकलंय.
मी दुसरीत. हिरेमठ दिवाणजी
वही उघडून उंबऱ्यात उभे:
सूत नेलं चारशे किलो,
माल आला तीनशे एक्क्याऐंशी.
"राजय्या, एकोणीस किलो कुणाला विकलंस?"
आईचा हात सुपातल्या पानावर थांबला,
विडी अर्धी वळलेली.

नान्ना तेव्हा काही बोलले नाहीत.
आठ दिवस झाडत राहिले.
मागाखालून, पंख्याच्या पात्यांवरून,
आढ्याच्या जाळ्यांतून,
मार्कंडेयाच्या तसबिरीमागून,
आमच्या उशांवरून, माझ्या वेणीतून.
तीन पोती. सायकलवरून साखर पेठेत,
दिवाणजींच्याच काट्यावर.

"इदि दुम्मु कादु," म्हणाले, "नूलु."
धूळ नव्हे ही. सूत आहे.
दिवाणजींना तेलुगू येत नव्हतं,
काटा येत होता.
सतरा किलो आठशे.
राहिलेले बाराशे ग्रॅम त्यांनी
लाल शाईनं 'घट' लिहून मिटवले.

"तुझं किती कमी भरतंय?"
थोडंसं. दोनेक ग्रॅम.
"फटीत बघितलीस?"
बघितलं.
"वर? वरच्या अंगाला कुणी बघत न्हाई."
तिथंही बघितलं, नान्ना.

ते पंख्याकडं बघत राहिले जरा वेळ.
"मग भिंतीतच मुरलं असंल. ते झाडून निघत न्हाई."

शेजारचा एक माग थांबला, मग दुसरा.
पेल्यातलं पाणी हळूहळू सपाट झालं.
बाहेर बाजेवर नान्ना खोकत होते,
दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून,
आणि मी रकान्यात आकडा न घालता
तो सेकंद पुन्हा पहिल्यापासून लावला.