दोन वाट्या

नार्व्याच्या धक्क्यावर फेरी लागली
आणि डाव्या हातातला क्लच मुठीला येऊन टेकला.
आत काहीच नव्हतं.
रिकाम्या बाहीत हात घालावा तसं.
गाडी पहिल्या गिअरमध्ये, उतार शेवाळलेला,
मागे कुस्तोदबायची मासळीची स्कूटर, हॉर्नवर हॉर्न.
उजवा ब्रेक मात्र धरून होता. दोन खलाशी आले,
ढकलत ढकलत बोटीवर, पलीकडे दिवाडीला परत ढकलत खाली.
शाळेची घंटा तेवढ्यात होऊन गेली.

कायतानचं गॅरेज म्हणजे नीरफणसाखाली पत्र्याचं छप्पर
आणि स्टुलावर बसलेलं एक मांजर, जे उठत नाही.
त्याने गाडीकडे आधी पाहिलंच नाही.
टाकीवर बोट ठेवलं. तिथे
काळ्या रंगात तीन भोकं पडली होती,
आतून निळा दिसत होता, गाडी आमची व्हायच्या आधीचा निळा.
नवसोने हरमलच्या एका जर्मनाकडून ती घेतली,
काळी केली, आणि महिन्याभरात बोटीवर निघून गेला.

"बाय, हें कोणें घाल्लें?"
मी म्हटलं, काय कुणी घातलं?
म्हणाला, डाव्या वाटीतलं तेल वेगळं असतं.
त्याने रंग उठत नाही.
तुझा उठलाय.

मग आठवलं. मे महिन्यात, व्हरांड्यात,
दोन्ही वाट्यांच्या खिडकीत पातळी खाली गेलेली.
फोनवर नवसो म्हणाला होता, वरून घाल गं थोडं, दुसरं काही नाही.
मागे यंत्राची घरघर, कुठलं बंदर कोण जाणे.
ब्रेकचं तेल आणलं, एकाच बाटलीतून
दोन्हीकडे ओतलं, समसमान, देवापुढच्या समयांत घालतो तसं.
डाव्या वाटीतली रबरं त्याने फुगली, सुटली,
आणि रोज थोडं थोडं टाकीवर.

उजवीची चूक निराळी, म्हणाला कायतान.
स्क्रूच्या डोक्याची खाच झिजलेली; हातोडीने
एक हलकी टिचकी दिली, मग फिरवला.
झाकणाखालचा रबराचा पडदा काढून
घड्या उलगडून दाखवल्या, भिजलेल्या.
पातळी गळून खाली जात नव्हती, बाय.
लायनर झिजले की तेल खाली उतरतं, आपल्या जागी जातं.
ती वाटी तुला सांगत होती.
तू वरून भरलंस, ती गप्प झाली.
मागल्या महिन्यात तू लायनर नवे घातलेस?
घातले.
मग पिस्टन मागे सरले, जास्तीचं तेल
झाकणातून वर आलं. जाणार कुठे?

हे तो रागावून नाही बोलला.
मांजराला म्हणाल्यासारखं म्हणाला.

टाकीवर बादलीभर पाणी ओतलं, पुसू नको म्हणाला, आधी धू.
डाव्या बाजूची रबरं मडगावहून यायची, गुरुवारी.
तोवर मी पायी फेरीपर्यंत, तिथून बसने डिचोली,
वहीत सातवीच्या मुलांचे निबंध,
बोटांना तो वास, साबणानेही न जाणारा.

गुरुवारी गाडी मिळाली. डावीत तेलाची एक बाटली,
उजवीत दुसरी, झाकणावर कायतानने
खिळ्याने ओरखडा काढून खूण केलेली.
टाकीवरचा निळा तसाच. रंग मारायला तीनशे म्हणाला,
मी पुढच्या महिन्यात म्हटलं.

रोज सकाळी खिडकीत पाहते.
उजवीकडे पातळी उतरतेय, केसाएवढी.
बाटली फडताळात आहे. हात लावत नाही.

काल रात्री नवसोचा फोन. पैसे पाठवलेत म्हणाला.
आई कशी आहे?
आईने पलंगावरून हाताने खूण केली,
बरी आहे सांग, बरी आहे.
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
म्हटलं, उतरत चाललीय रे.
जिना बंद केलाय तिने. सात महिने झाले.
वरून काही घालू नकोस आता.

पलीकडे ती घरघर.
पुष्कळ वेळ.
मग म्हणाला, क्लच कसा लागतो?
म्हटलं, घट्ट.