खटक्याची डमी

खारकरशेठ म्हणाले, मॅडम, तरुण वाटलं पाहिजे.
कोपरखैरण्याला त्यांचं वाद्यांचं दुकान,
गिटारी तिथे टांगलेल्या असतात
खाटकाकडे असतं तसं काहीतरी.
नाव त्यांनीच दिलं: खटका.
गाण्यातला, भिंतीवरचा आणि मनातला,
तिन्ही चालतील म्हणाले.
पैसे दोन अंकांपुरते.

मी सत्तेचाळीस वर्षांची.
वीस वर्षं ठाण्यात संगीतसभांच्या स्मरणिका लावल्या.
कोपऱ्यात तंबोरा, फिकट तपकिरी,
अध्यक्षांचे दोन शब्द, जे कधीच दोन नसत,
शेवटी सोनाराची जाहिरात, पूर्ण पान, रंगीत.
तरुण म्हणजे सतरंज्या घालणारे.
ऋणनिर्देशात ते ‘इत्यादी’च्या आत राहायचे.

म्हणून आता मला जे जे तरुण वाटलं ते सगळं केलं.
गुलाबीवर पिवळा. तिरके मथळे.
हेडफोन घातलेली कवटी
(मुलाने तोंड वाकडं केलं, तरी ठेवली).
आणि मुखपृष्ठावर, हात जरा थरथरलाच,
नावाची शिरोरेघ तोडली.
मोकळं वाटलं अगदी,
केस कापल्यावर मानेला वाटतं तसं.

घणसोली, सेक्टर नऊ. क्लासच्या पायऱ्या.
साडेसातची बॅच सुटलेली,
पोरं चायनीज भेळेच्या गाडीभोवती.
डमी त्यांच्या हातात दिली
आणि निकालाच्या दिवशी आया थांबतात
तितक्या अंतरावर थांबले.

पहिल्याने चाळून वास घेतला.
दुसऱ्याने वारा.
तिसरा मोठ्याने वाचू लागला:
रव… रवटका? रवटका म्हणजे काय रे?

ख मधोमध फुटला होता.
रेघ मीच तर तोडली होती.

ऋत्वी भोईर, दहावी. बोटांच्या टोकांना घट्टे.
काकाच्या बेंजो पार्टीत हळदीला वाजवते
रात्री दोनपर्यंत, आणि सकाळी बीजगणित.
तिने मात्र पान न् पान पाहिलं.
‘मॅडम, हा हळदीचा बॅनर आहे का?
आमच्या गावात सगळे असेच, गुलाबीवर पिवळे.’
मग: ‘वाजवणारे सगळे कॅमेऱ्यात बघतायत.
वाजवताना कुणी असं बघतं?’
मग: ‘चाल कुठाय?
मुलाखत आहे, शूज आहेत, राशी आहेत,
बोटं कुठे ठेवायची ते कुठल्या पानावर?’

तिच्या बेंजोवर नेलपॉलिशने आकडे काढलेत,
सारेगम नाही.
काकाने घातलेले, काकाला त्याच्या काकाने.
‘बटणं नाही हां, खटके म्हणायचं,’ ती म्हणाली,
भेळेतली मिरची बाजूला काढत.

त्या रात्री राशी गेल्या. शूज गेले.
कवटीही गेली, मुलगा खूश.
मधल्या दोन पानांवर बेंजोची पट्टी,
ऋत्वीने फूटपट्टीने मोजून पाठवलेली, एकास एक,
वाद्य नाही त्याने कागदावर बोटं बसवावीत म्हणून.
शेठ म्हणाले, मग वाद्य विकत कोण घेणार?
मी म्हटलं, बोटं बसल्यावर हात गप्प राहतात का?
पटलं की नाही कळलं नाही.
दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, त्यांनी फोन ठेवला.

तुर्भ्याच्या प्रेसमध्ये काल फर्मा निघाला.
खालची पिन नेमकी आठव्या खटक्यावर.
पट्टी सरकवली तर सातव्यावर.
मशीनवरचे मुश्ताकभाई तिथे अंगठा दाबत राहिले,
टोक वर आलंय का बघत.
‘टोचणार नाही कुणाला,’ म्हणाले,
आणि तरी पुन्हा दाबलं, एक दोन, एक दोन,
मागे कटिंग मशीन चाललं होतं त्याच्याबरोबर.

शिरोरेघेचं अजून ठरत नाहीये.
जोडली की स्मरणिका दिसते.
तोडली की रव.
ऋत्वीला दोन्ही फोटो पाठवले.
उत्तर आलं: उद्या भूमितीचा पेपर आहे मॅडम,
परवा सांगते.