झिरा

शिशुपालचा फोन येतो तेव्हा त्याच्याकडे अंधार असतो,
आमच्याकडे अजून ऊन.
एकाच देशात दिवस आधी कसा मावळते बाप्पा,
आई दर वेळी विचारते.
फोन मी धरते. तिचे हात रेतीचे.

तो बेटावर आहे.
नकाशात ते निळ्यात सांडलेल्या कणीएवढं.
पाहुण्यांसाठी झोपड्या आहेत,
झोपड्याच म्हणतात, पण आत गार हवा,
आणि एका रात्रीचं भाडं ऐकून
दुर्योधनमामाने पेटलेली विडी पुन्हा पेटवली.

पहाटे चारला उठून शिशुपाल रेती विंचरतो.
दाताळं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत.
वाहून आलेलं शेवाळ, झावळ्या, एखादी चप्पल,
आणि काल चाललेल्यांची पावलं.
पाहुणे उठतील तेव्हा किनारा असा पाहिजे
की इथं कधी कोणी आलंच नव्हतं.
"याचे पैसे देतेत?"
"देतेत."
"पुसाचे?"
"पुसाचेच, माय."

एका सुटीला त्यानं भर दुपारी फोन केला
आणि गोल फिरून सगळं दाखवलं.
जवळ पाणी काचेचं, पुढं मोरपंखी,
त्याच्यापुढं दौतीतली शाई.
झाडं पाण्यावर ओणवी, मुळं उघडी,
जशा बाया लुगडं खोचून धुणं धुतात.
बटणाएवढे खेकडे
रेतीच्या गोळ्या वळून वळून बिळाबाहेर ठेवत होते.
आणि रेती,
नव्या तांदळाच्या पिठासारखी.

आईनं बराच वेळ पाहिलं.
"काय पिकते तिच्यात?"
"काही नाही. लोक लोळतेत."
"आन् खोदली तं?"
तो हसला. पण वाकला खरंच.
फोन एका हातात, दुसऱ्यानं उकरत राहिला.
पाणी लागलं लवकर. त्यानं बोट चाटलं.
"खारं."
आई म्हणाली, "रायते एकेकीचं."

आमची रेती पवनीच्या खाली, वैनगंगेची.
तांबूस, जाड, चैतात तळपाय सोलणारी.
पाणी उतरलं की वर येते,
मग ढिवरांच्या बाया दोऱ्या टाकून वाटे पाडतात.
हातभर खड्डा, ओंजळभर शेणखत, डांगराच्या तीन बिया.
धरणाचा भोंगा ऐकायला एक कान मोकळा ठेवायचा,
दार उघडलं तर वाडी वेलांसकट जाते.
तहान लागली की कोपरभर खोदायचं.
पहिली ओंजळ गढूळ, ती फेकायची.
दुसरी वेलाला.
तिसरी आपली.

तो सांगतो, बेटावर कासवीण येते रात्री अंडी घालायला.
खाकीवाले दोरी बांधतात,
पाहुण्यांना दिवे मालवायला लावतात,
लोक श्वास धरून बसतात.
आई ऐकते. हूं म्हणते.

आमच्या वाट्याच्या टोकाला एक पट्टा आहे,
चार वर्षं तिनं तिथं बी टाकलं नाही.
मला वाटायचं जागा खराब.
परवा पहाटे तिच्या मागोमाग गेले तर
पाण्यापासून त्या पट्ट्यापर्यंत
ओढत गेल्यासारखी खूण,
दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे ठसे.
ती पळसाची फांदी घेऊन
उलट्या पावलांनी मागं येत येत
ते सगळं पुसत होती.
कुत्र्यांना कळू नये. पोट्ट्यांना तर नाहीच नाही.
मला पाहून म्हणाली, "तू काई पायलं नाई."
फोनवर शिशुपालला तिनं हे सांगितलेलं नाही.
मीही नाही.

काल तो म्हणाला, ऐक माय, समुद्र.
आणि फोन पाण्याकडे धरला.
मोठा आवाज. भरलं पोतं कोणी ओढतंय
आणि सोडून देतंय, ओढतंय आणि सोडून देतंय.
आईनं फोन माझ्या हातून घेतला,
रेतीच्याच हातांनी,
आणि चालत धारेपर्यंत जाऊन
नदीवर धरला.

आमची बोलत नाही. नुसती जाते.
दूर एक टिटवी, तीही एकदाच.
मला वाटलं रेंज गेली.
"शिशुपाल? आहेस का?"
"थांब," तो म्हणाला, "ऐकतोय."