पुढच्या आवृत्तीत

ताम्पेरेच्या एका बंद पडलेल्या गिरणीत
सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात
आम्ही सहा जणांनी एक भाषा केली.
नमनालाच घडाभर तेल :
नाव ठरायला चार महिने,
भाषा व्हायला सात आठवडे.

इतिवृत्त मी लिहायचो, म्हणून मला सगळं आठवतं.
बाकीच्यांना आठवतं ते एवढंच, की आपलं बरोबर होतं.

राइली म्हणाली, अर्धविराम नको.
वाक्य संपलं हे ज्याला सांगावं लागतं
त्याला घरी पाठवा.
ओस्मो म्हणाला, सगळेच घरी गेले तर कोड कोण लिहील?
अर्धविराम राहिला.

मग मोजणी. शून्यापासून की एकापासून?
आमच्याकडे लिफ्टमध्ये तळमजल्याचं बटणसुद्धा एक.
युर्कीने विचारलं, सौनातून पहिला बाहेर येतो
त्याला तू शून्य म्हणणार? तोंडावर?
अख्खा मार्च गेला.
शेवटी ठरलं : अर्ध्यापासून.
तडजोड म्हणजे त्रासाची समान वाटणी.

आमच्या बोलीला विभक्त्या पंधरा
आणि भविष्यकाळ एकही नाही;
तरी जे जमलं नाही त्यापुढे
प्रत्येकाने लिहिलं, पुढच्या आवृत्तीत करू.
ती भिजत घोंगडी
अजून माझ्या कपाटात आहेत, क्रमांकासकट.

पुढची आवृत्ती आली नाही.
भाषा चांगली होती, असं लोक म्हणत,
म्हणजे वापरत नसत.

गेल्या जूनमध्ये रात्री अकराला, लख्ख उजेडात,
कालव्यावरून फोन आला :
पूल अर्धा उघडून थांबलाय.
पडद्यावर एकच ओळ.
"हे असं होऊच शकत नाही. — ओस्मो"

ओस्मो जाऊन नऊ वर्षं झाली.
राइली आली, एकोणऐंशी वर्षांची,
चष्म्यावर दुसरा चष्मा लावून.
पुलावरचा पोरगा म्हणाला, आजी, ही भाषा कुणाला येते?
ती म्हणाली, येत कुणालाच नव्हती,
आम्ही फक्त ती केली.

तासभर वाचत बसली. मध्येच एकटीच हसली,
ओस्मोची कुठलीतरी टीप असावी, मला दाखवली नाही.
मग एका ओळीच्या शेवटी
एक अर्धविराम घातला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
हे लिहू नकोस.

पूल खाली आला.
पलीकडे ताटकळलेली बाई सायकलवर बसली,
घंटी वाजवली, गेली.

लिहिलं.